जीजींचे तीन डबे

जीजी गेल्याचा फोन पायलने सकाळी साडेसातला केला. वाशीमहून रिसोडला एसटीने तासाभराची वाट. मी म्हटलं, "अगं, कॉलेजात परीक्षा आहेत, सुटता येणार नाही." परीक्षा होत्या हे खरं, पण माझी पाळी दुपारी तीनची होती. फोन ठेवला, चहा केला आणि तो तसाच निवू दिला. ज्या बाईला जिवंतपणी खरं सांगता आलं नाही तिच्या अंत्यदर्शनाला कोणत्या तोंडाने जायचं, असा विचार मी केला म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण एवढं भारदस्त नाही. मला पायलच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

रिसोडला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले तेव्हा मी जीजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली रस्त्याच्या अंगाला त्यांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान, मागे त्यांचं राहणं, वर माझ्या दोन खोल्या. घर जैनांचं. शेटजी, त्यांचा मुलगा, सून पायल आणि शेटजींच्या पत्नी, म्हणजे जीजी. त्यांचं खरं नाव मी दोन वर्षांनी, त्यांच्या वीजबिलावर वाचलं. अख्खी गल्ली त्यांना जीजी म्हणायची. भाजीवाला त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा होता, तोही जीजीच म्हणायचा.

घरात त्या मारवाडी बोलत आणि आम्हा शेजाऱ्यांशी खणखणीत वऱ्हाडी. शाळा चौथीपर्यंत. नळाच्या तोंडाला गाळणीचं फडकं कायम बांधलेलं. सूर्य मावळायच्या आत सगळं घर जेवून, भांडी घासून मोकळं. मी कॉलेजातून उशिरा आले की खालूनच विचारत, "मॅडम, आज काय खाणार, अंधार?" त्यांची थट्टा अशी असायची. हसायच्या नाहीत, आपण हसायचं. दुपारी सामायिकाला, म्हणजे मौन धरून ध्यानाला, बसत. शेजारी वाळूचं घड्याळ, अठ्ठेचाळीस मिनिटांचं. वाळू सरेपर्यंत त्या घरात आग लागली तरी बोलणार नाहीत अशी ख्याती होती. एकदा दूध उतू गेलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे उघडून पातेल्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले, हे मी स्वतः बघितलं आहे.

पायल मानोऱ्याची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढे दोनदा बसली, दोनदा आपटली. तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. ती ही गोष्ट कुणाला सांगत नसे, मला जिन्यात सांगितली. आता विद्यापीठाने जाहीर केलं होतं की जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा येत्या उन्हाळ्यात शेवटची. त्यात सुटली तर सुटली, नाहीतर नव्याने तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन सगळे पेपर पुन्हा. लग्न झालेल्या मुलीने रोज एसटीने कॉलेजात जाणं त्या घरात होणार नव्हतं. म्हणजे त्या एका पेपरावर सगळं येऊन थांबलं होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी जीजी माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या.

"मॅडम, पोरगी हुशार हाये. पण वाचते अन् झोपते, वाचते अन् झोपते. काय करावं?"

मी शिक्षकी उत्तर दिलं. ऑरगॅनिक तसाच विषय आहे, रिअॅक्शन समजून घ्यायची आणि पुन्हा पुन्हा वाचायची.

"वाचून कसं येईन? वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जेवणं. आपल्या डब्यात काही राह्यते काय?" मग म्हणाल्या, "तुमी पोराईले शिकवता. मंग त्याईले इचारते कोण?"

"परीक्षेत विचारतात की."

"म्हणजे वर्षभर कोणीच नाई."

मला राग आला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की मोठ्या शहरातली मुलं कार्डं करतात, पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि एकमेकांना विचारतात. या सगळ्या प्रकरणात माझा वाटा एवढ्या एका वाक्याचा. पुढे मी त्या वाक्यावर बरंच मिरवले, ते सांगेनच.

दुसऱ्या दिवशी जीजींनी दुकानातून शर्टांच्या आत घालतात ते पुठ्ठे मागवले. गिऱ्हाइकाने शर्ट अंगाला लावून पाहिला की पुठ्ठा एरवी फेकूनच देत. पायल त्याच्या लांब पट्ट्या कापायची, एका पट्टीवर दोन कार्डं बसायची. आधी पट्टीच्या पुढच्या बाजूला दोन प्रश्न, मग पट्टी उलटून मागे दोन उत्तरं, आणि नंतर दुकानातल्या कात्रीने मधोमध काप. सुटे तुकडे हातात सरकतात, पट्टीवर अक्षर नीट येतं, म्हणून ही रीत. पुढे लिहायचं मराठीत, कारण विचारणार जीजी. मागे नुसती आकृती.

मग तीन डबे आले. स्टीलचे, झाकणाचे, मेथीदाणा आणि जिरं काढून रिकामे केलेले. त्यांना नावं होती. पहिला 'रोजचा', दुसरा 'पाखी', तिसरा 'चौमासी'. मी म्हटलं हे काय. त्यांनी सांगितलं की त्या लहान असताना महाराजसाहेबांकडून, म्हणजे जैन साधूंकडून, धर्माच्या गाथा शिकल्या. आज दिलेली गाथा उद्या पुस्तक न पाहता म्हणायची. आली की रोज म्हणायची गरज नाही, पण पंधरवड्याच्या पाखीला म्हणून दाखवायची. तिथेही आली तर चार महिन्यांनी चौमासीला. मध्ये कुठे अडली की पुन्हा रोजच्यात. "आलेलं रोज म्हणणं म्हणजे नुसता जीव रमवणं. न आलेलं रोज म्हणायचं असते."

आता शिक्षणशास्त्राच्या प्रशिक्षणात हीच गोष्ट मोठमोठे तक्ते दाखवून आम्हाला समजावतात. मी मागच्या बाकावर बसून मान हलवते.

रोज जेवणं आटोपली, अजून पुरता अंधार पडायचा असला, की खालच्या खोलीत दोघी समोरासमोर बसत. पायलच्या हातात पाटी. जीजींच्या हातात कार्ड आणि शेजारी दुसरं वाळूचं घड्याळ, अभ्यासासाठी वेगळं घेतलेलं. धर्माच्या वाळूत अभ्यास नको, म्हणायच्या, पण माप तेच. त्या प्रश्न वाचत, पायल पाटीवर आकृती काढी, मग जीजी कार्ड उलटून पाटीशेजारी धरत आणि बोटाने एकेक रेघ जुळवत. केमिस्ट्रीचा त्यांना गंध नव्हता, म्हणून सवलतही नव्हती. माझ्यासारखी बाई "तुला म्हणायचं ते कळलं" म्हणून मार्क देऊन टाकते. जीजी म्हणत, "मांगं दोन रेघा हायेत, तुही एकच. फिरून." चूक, नाही, गलत, असले शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. एवढंच, फिरून. आणि कार्ड रोजच्या डब्यात.

इशारा अजिबात द्यायच्या नाहीत. एकदा मी तिथे बसले होते. पायल एका अल्कोहोलवर अडली होती आणि मला राहवलं नाही, मी पहिली रेघ कुठून काढायची ते पुटपुटले. जीजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिऱ्याच्या डब्याकडे पाहू लागले.

"अर्धं तुमी सांगतलं, तं तेवढं तुमचं झालं, मॅडम. परीक्षेले तुमी येणार हाय काय?"

त्यांनी सगळ्या संयुगांना आपली नावं ठेवली होती. अल्डिहाइड हा 'शेपटीवाला', ईथर हा 'मधे बसणारा', आणि बेंझीन ही 'सहाकोनी'. सहाकोनीची मजा त्यांना फार आवडे. बेंझीन म्हणजे सहा कोपऱ्यांचं कडं. त्याच्या एका कोपऱ्यावर आधीच एखादा गट बसलेला असेल, तर नवा येणारा कुठे बसणार हे तो आधीचा ठरवतो. काही गट नव्याला शेजारी किंवा अगदी समोर बसवतात, काही एक कोपरा सोडून बसवतात. पायलने हे समजावून सांगितलं तेव्हा जीजी म्हणाल्या, "म्हणजे सासू कशी हाये त्याच्यावर सुनेची जागा. मंग एवढं अवघड काहून सांगता?" पायल एवढी हसली की दुकानातून शेटजी बघायला आले.

शेटजींवरून पत्त्यांची गोष्ट आठवली. जवळच्याच मालेगावला नात्यात लग्न होतं आणि जीजींनी पाखीचा डबा बरोबर घेतला होता. एसटीत सासू-सुना शेजारी बसल्या, जीजी एकेक कार्ड धरताहेत, पायल तळहातावर बोटाने काढून दाखवते आहे, आणि जीजी "फिरून" म्हणून कार्ड मागे टाकताहेत. मागच्या बाकावर रिसोडचे एक किराणा व्यापारी बसले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी शेटजींना बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या घरच्या बायका एसटीत पत्ते खेळतात, जैनांच्या घरात हे बरं नाही. शेटजी घरी येऊन तावातावाने बोलले. जीजींनी सगळं ऐकून घेतलं, डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या, तुमीबी एक डाव टाका. हारले तं दुकान पायलच्या नावावर." शेटजींनी एक कार्ड उचललं, पुढून वाचलं, मागून पाहिलं, आणि गुपचूप दुकानात गेले. त्या दिवसापासून नव्या मालातले पुठ्ठे ते स्वतः वेगळे काढून आत पाठवू लागले.

फाल्गुनी चौमासीपर्यंत तिसरा डबा अर्ध्याहून जास्त भरला होता. मी खरं सांगते, माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचं ऑरगॅनिक तेव्हा पायलइतकं तयार नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि जीजींचा त्याहून जास्त.

त्याच सुमारास एका रविवारी सकाळी जीजी तिन्ही डबे घेऊन आल्या. वर एका वाटीत मुगाचे लाडू.

"मॅडम, एक काम हाये. हे सगळे कार्ड एकडाव पाहून द्या. बरोबर असन त्याच्यावर लाल पेनानं खूण करा. मले काय कळते? मी त जे मांगं हाये तेच खरं समजून पोरीकडून घोटून घेते. चुकीचं असन तं चुकीचंच पक्कं होईन. तुमची खूण असली म्हणजे मी निर्धास्त."

या बोलण्यात त्या पद्धतीचा सगळा धोका त्यांनी मला उलगडून सांगितला होता. कार्ड खरं-खोटं जाणत नाही. जे लिहिलं असेल ते डोक्यात खिळ्यासारखं ठोकून देतं. चौथी शिकलेल्या बाईला हे कळत होतं. मी एम.एस्सी.

माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि बहिणीचा फोन आला. तिच्या दिरासाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि त्यातल्या एका मुलीची आई आमच्या ओळखीची निघाली. विषय लांबणारच होता. मी फोन कानाला धरला, डबा पुढ्यात ओढला आणि लाल पेन घेतलं. पहिली दहा-बारा कार्डं उलटून पाहिली. सगळी चोख. पायलचं अक्षर सुरेख, आकृत्या नेटक्या. मग मी उलटायचं सोडून दिलं. पुढचा प्रश्न डोळ्यांखालून घालायचा, कोपऱ्यात खूण करायची, बाजूला टाकायचं. बोलता बोलता दोन लाडू खाल्ले. फोन संपला तेव्हा तिन्ही डबे संपले होते. उलटून पाहणं हेच त्या कार्डाचं काम, आणि तेवढंच मी केलं नाही. संध्याकाळी डबे खाली नेऊन दिले आणि म्हटलं, "सगळं छान आहे हो." जीजींनी डबे कपाळाला लावून आत ठेवले.

एप्रिलमध्ये आपल्याकडे जे होतं ते झालं. कूलर लागले. खालच्या खोलीत कूलरच्या तोंडाशी रोजचा डबा उघडा राहिला आणि दमट वाऱ्याने पुष्कळ कार्डांवरची शाई पसरली. पायल परीक्षेच्या घाईत होती. जीजींनी दुकानातलं जाड काळं पेन घेतलं आणि दोन दुपारी बसून पुसट झालेली एकेक आकृती गिरवून काढली. मी जाता-येता पाहत होते. जीभ थोडी बाहेर, चष्मा नाकावर, आणि रेघेवर रेघ.

पेपर झाला त्या दिवशी पायल एसटीतून उतरून सरळ वर माझ्याकडे आली, हातात प्रश्नपत्रिका, चेहरा उजळलेला. मागोमाग जीजी. पायल एकेक प्रश्न सांगत होती आणि मी मान हलवत होते. मग मोठा प्रश्न आला. नायट्रोबेंझीनपासून सुरुवात करून पाच पायऱ्यांनी शेवटचं संयुग गाठायचं. तिने बोटाने टेबलावर सहाकोनी काढली आणि नवा गट शेजारच्या कोपऱ्यावर आणि समोर बसवला.

मी म्हटलं, "नायट्रो? नायट्रो एक कोपरा सोडून बसवतो ना गं."

पायल थांबली. "नाई मॅडम. एक सोडून मिथाइल. नायट्रो शेजारी अन् समोर. रोजच्या डब्यातलं हाये, मले तोंडपाठ हाये."

मी कार्ड आणायला सांगितलं. तिने दोन आणली. नायट्रोचं आणि मिथाइलचं. मी ती शेजारी शेजारी ठेवली. कात्रीचा वाकडा काप एकमेकांत बरोबर बसला, एकाच पट्टीची होती. पायल नेहमी पट्टी खालून वर उलटायची, म्हणजे डावं डावीकडेच राहायचं. त्या एका पट्टीला तिने वहीचं पान उलटावं तशी उलटली होती. नायट्रोच्या पाठीवर मिथाइलचं उत्तर गेलं होतं, मिथाइलच्या पाठीवर नायट्रोचं. आणि दोन्ही कार्डांच्या पुढे, उजव्या कोपऱ्यात, माझी ठसठशीत लाल खूण.

पहिली पायरी चुकली की पुढच्या चारही जातात. मला तिथेच कळलं.

पायल हळूच म्हणाली, "जीजी, मले पहिल्यांदा एक सोडूनच वाटलं होतं. आठोते काय?"

"आठोते," जीजी म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या. "तू म्हटलं, मॅडमले इचारून येऊ काय. म्या म्हटलं, लाल खूण हाये, मॅडमले तरास कायले द्यायचा. फिरून म्हटलं तुले. चार दिवस फिरून म्हटलं." मग त्या जवळ आल्या आणि कार्ड हातात घेऊन मागची काळी आकृती बघत राहिल्या. "मॅडमनं त बरोबर पाहूनच खूण केली असन. हे गिरवताना माह्याच हातून झालं. इकडचं तिकडं गिरवलं म्या."

त्या काळ्या रेघांखाली पायलची मूळ निळी रेघ मला स्पष्ट दिसत होती. जीजींच्या हाताने एका केसाचाही फरक केला नव्हता. मी ते कार्ड उचलून म्हणायला हवं होतं की हे बघा, खाली निळं आहे. मी म्हटलं, "बघू या, बाकीचा पेपर चांगला गेलाय ना." आणि कार्ड त्यांच्या हातातून घेऊन पालथं ठेवलं.

चार मार्कांनी राहिली.

त्या घरात कुणी रडारड केली नाही. पायलला तेव्हा दिवस गेले होते, नव्याने प्रवेश घ्यायची भाषा कुणी काढलीच नाही. ती दुकानात बायकांच्या कपड्यांच्या बाजूला बसू लागली. अजूनही बसते. चांगली चालवते म्हणतात, मापं तोंडपाठ, एकदा आलेलं गिऱ्हाईक काय घेऊन गेलं ते वर्षाने सांगते. लोक तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात आणि ते ऐकून मी विषय बदलते. तिन्ही डब्यांत पुन्हा मेथी-जिरं भरलं गेलं.

आणि मी काय केलं? मी कार्डांची पद्धत माझ्या वर्गात सुरू केली. मुलांचे निकाल सुधारले. वाशीमला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मला त्यावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी अर्धा तास बोलले. तीन डबे सांगितले, पाखी-चौमासीऐवजी पंधरवडा आणि चार महिने म्हटलं. शेवटी सांगितलं की कार्डं जाणकाराकडून तपासून घेणं सर्वांत महत्त्वाचं, नाहीतर चूक पक्की होते. टाळ्या पडल्या. जीजींचं नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की मग त्या सुनेचं काय झालं. अशी मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

निकालानंतर मी जीजींना टाळू लागले. पाणी भरायला त्या नळावर नसतील अशी वेळ काढायची, येताना कानाला फोन लावून जिना चढायचा. त्यांनी ते ओळखलं, पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. त्यांना वाटलं, मी रागावले आहे. मी एवढा वेळ काढून तपासून दिलेलं काम त्यांनी बिघडवलं म्हणून. पायलने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "छे, असं काही नाही." एवढं तरी खरं बोलले. पण खाली जाऊन जीजींना म्हणाले नाही.

भाद्रपदात मला वाशीमला दुसरी नोकरी मिळाली. मी सामान बांधत होते. जैनांची संवत्सरी आदल्या दिवशी झाली होती. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं असेल त्यांच्या घरी जाऊन हात जोडायचे आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, असा त्यांचा रिवाज. गल्लीत सकाळपासून ये-जा चालली होती.

जीजी वर आल्या. तीन दिवसांच्या उपवासाने चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. अजून पारणं केलं नव्हतं. पुस्तकांच्या खोक्यांमधून वाट काढत माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मीही घाईने जोडले आणि ते शब्द म्हणून टाकले, लोक म्हणतात तसे. मला वाटलं, संपलं. त्या हलल्या नाहीत.

"हे त सगळ्याईलेच म्हणायचं असते, मॅडम. तुमचं माह्याकडं एक वेगळं राह्यलं."

"जीजी, बसा तरी."

"नाई, उभ्यानंच. तुमी कामाच्या घाईत बसून एकेक कार्ड पाह्यलं. एवढं कोणी परक्यासाठी करत नाई. अन् म्या आंधळीनं त्याची वाट लावली. पोरगी खरं बोलून राह्यली होती, तिलेच दाबलं. पोरीची माफी मांगितली म्या, तिनं केलं माफ. तुमची राह्यली होती. ते गळ्यात अडकलं हाये, अन्न जाणार नाई. तुमी माफ केलं म्हणजे पारणं करीन."

कार्ड तुमच्या हातून बिघडलं नाही, मी ते उलटून पाहिलंच नव्हतं. एवढंच बोलायचं होतं. ते तोंडात आलंही होतं. पण मग पायल वर आली असती. इतके महिने तुम्ही गप्प का होता, हा प्रश्न आला असता. शेटजी, गल्ली, कॉलेज. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टेम्पो यायचा होता. एक दिवस तग धरला की सुटले, असा हिशेब माझ्या डोक्यात त्या उपाशी बाईसमोर उभं राहून चालला होता.

मी म्हटलं, "माफ केलं, जीजी."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तोंडदेखलं नको. एकडाव मनापासून म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी वर्गात बोलते तसं, शब्द शब्द सुटा करून. "जीजी, मी तुम्हाला माफ केलं."

त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. मग कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरल्या. मी खोक्यांमध्ये उभीच होते. खालून त्यांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी तसा मोकळा.

"पायल, मुगाचं पाणी आण वं. मॅडमनं माफ केलं मले."